अंगावर गांध्या उठतात, ‘सगळ्याची ॲलर्जी टेस्ट’ करून घ्यावी का? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगा)

वडगावकर
नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे. गेले दोनेक महिने तिच्या अंगावर गांध्या उठतायत. संध्याकाळ झाली की पोटावर, मांड्यांवर लालसर फुगवटे येतात आणि पोर खाजवून बेजार होते. गोळी दिली की बसतात, दोन दिवसांनी परत तेच. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आईनं वांगं बंद केलं, बायकोनं अंडं. मावशी आली ती म्हणाली शेंगा उष्ण, म्हणून कूट पण बंद. आता पोरगी आमटी-भात आणि बिस्किटांवर आहे. वजन उतरलंय.

परवा एका लॅबचा माणूस घरी येऊन गेला. रक्त एकदाच काढायचं, दोनशेच्या वर पदार्थांची तपासणी, रंगीत रिपोर्ट. पैसे मात्र आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त.

दुसरं म्हणजे धाकटा भाऊ गवंडीकामावर असतो. त्याच्या हातांना भेगा पडल्यात, मधूनच पाणी सुटतं, पावलांवर पण चट्टे आहेत. दोघांची एकदम केली तर सूट देतो म्हणाला तो लॅबवाला. करावी का?

हिंडलगा_रोड_मेडिकल
थांबा की ओ जरा. पोरीचं आणि भावाचं दुखणं एकाच रक्ताच्या बाटलीत सापडणार असं कोण म्हणतंय? सूट देणाराच ना?

आधी हे सांगा. एक गांधी एकाच जागी किती वेळ राहते? बॉलपेननं तिच्याभोवती गोल काढा आणि सकाळी बघा, गोल तिथंच असेल, गांधी हललेली असेल. उठायच्या आधी दोन तासांत काय खाल्लं होतं? प्रत्येक वेळी तेच होतं का? मध्ये ताप-सर्दी झाली होती का? कधी ओठ, जीभ, डोळे सुजले? उलट्या, धाप, आवाज बसणं? आणि गोळी कुठली चालू आहे, तेही.

कडोलीची_सून
आमच्याकडं पित्त उठलं की आमसुलं भिजत घालून त्याचा कोळ अंगाला चोळतात. सासूबाईंचा अजून त्यावरच विश्वास. थंड वाटतं एवढं खरं. आणि वांग्याचं म्हणाल तर माझ्या नणंदेला वांगं खाल्लं की तोंडात खाज सुटते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. उगीच वांग्याला बदनाम करतात असं नाही.

हिंडलगा_रोड_मेडिकल
वहिनी, आमसूल लावा, कुणाची ना नाही. फक्त ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला किंवा पोर एकदम गळून गेलं तर आमसूल शोधत बसू नका. १०८ लावा नाहीतर जवळच्या दवाखान्यात न्या.

वडगावकर
पेनाचा प्रयोग केला. रात्री कमरेवर गोल काढला होता, सकाळी गोल रिकामा आणि नवीन गांधी खांद्यावर. खाण्याशी काही जुळत नाही. सगळं बंद करूनसुद्धा उठतातच. सुरुवात व्हायच्या आधी आठवडाभर तापात होती. गोळी सेट्रिझिनची, उठल्या की देतो.

ओठ सुजल्याचं विचारलंत म्हणून आठवलं. दिवाळीत गोकाकहून करदंट (काजू-बदाम, डिंक घातलेल्या गोड वड्या) आलं होतं. एक वडी खाल्ली आणि पाच-दहा मिनिटांत ओठ टमटमीत, लगेच उलटी, कानामागं लाल. आम्हाला वाटलं तुपकट जास्त झालं. त्याआधी पण एकदा काजूकतलीनंतर घसा खाजतोय म्हणाली होती. करदंट बंद केलेलं नाही, पौष्टिक म्हणून उलट डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितल्यावर परत आणलंय, पण ती तोंड लावत नाही.

हिंडलगा_रोड_मेडिकल
अहो, ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये यायला पाहिजे होती! करदंट आजच घराबाहेर काढा. ताई, तुम्ही आहात का इथं?

येळ्ळूरची_डॉक्टर
आहे आहे. मी मिरजेला त्वचारोगात एमडी करते. इथं औषध लिहून देणार नाही, पण तपासण्यांचं सांगते.

वडगावकर, तुमच्या लेकीच्या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात.

पहिली, या रोजच्या गांध्या. एक गांधी २४ तासांच्या आत जाते, दुसरीकडे नवीन येते आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय. याला जुनाट शीतपित्त म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत याच्यामागे खाण्याची ॲलर्जी नसतेच. लहान मुलांत बऱ्याचदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर सुरू होतं. यावर वांगं-अंडं-कूट बंद करून काही उपयोग नाही, हे तुम्ही स्वतःच बघितलंत. गोळी उठल्यावर देण्यापेक्षा काही काळ रोज, ठरलेल्या वेळी द्यायची असते. किती आणि किती दिवस ते बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. एखादी गांधी जर दिवसापेक्षा जास्त राहिली, खाजण्यापेक्षा दुखली आणि मागे काळानिळा डाग सोडून गेली, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट, करदंट. खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणं, उलटी, घसा खाजणं आणि दोनदा काजूच्या पदार्थानंतर. ही खाण्याच्या ॲलर्जीची ठळक खूण. अशी प्रतिक्रिया काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत येते. मला संशय काजूचा आहे. करदंटात बदाम, खोबरं, डिंक पण असतो, म्हणून तपासणी करायची ती याच तीन-चार पदार्थांची. दोनशेंची नाही.

शहापूरचा_आडत्या
मग दोनशेची केली तर वाईट काय? त्यात काजू पण येईलच की. एकदाच काय तो सोक्षमोक्ष.

येळ्ळूरची_डॉक्टर
वाईट हे की रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीत काम करणारं प्रतिपिंड) सापडणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. कितीतरी माणसं शेंगदाणे मजेत खातात आणि रिपोर्टात मात्र शेंगदाणा पॉझिटिव्ह येतो. दोनशे गोष्टी तपासल्या की अशा वीस-पंचवीस लाल रेघा सहज निघतात, मग आई-बाप पोराचं दूध, गहू, डाळ सगळं तोडतात. चोरी एका घरात झाली म्हणून सगळ्या गावाला चौकीत बसवण्यातला प्रकार आहे हा. काही पॅकेजांत तर आयजीई नसतंच, आयजीजी हे दुसरंच प्रतिपिंड मोजतात. ते फक्त एवढंच सांगतं की हा पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. ॲलर्जीच्या निदानाला त्याचा उपयोग नाही, जगभरच्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थांनी ते करू नका असंच सांगितलंय. केसांवरून ॲलर्जी सांगणारे भेटले तर चहा पाजून वाटेला लावा.

त्वचेवरची टोचणी चाचणी अशी असते. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे घालतात, प्रत्येक आकड्याशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब. छोट्या टोकानं थेंबातून त्वचा जरा उचकतात, रक्त येत नाही. सोबत दोन थेंब पडताळणीचे असतात, एक हिस्टामिनचा (ॲलर्जीत खाज आणि फुगवटा आणणारं रसायन), तो फुगायलाच पाहिजे, आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो फुगता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी पट्टीनं फुगवटा मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह.

पण यासाठी सेट्रिझिनसारखी गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर हिस्टामिनचा थेंबसुद्धा गप्प बसतो. तुमच्या लेकीची गोळी बंद केली तर गांध्या उसळतील, शिवाय अशा मुलांची त्वचा नुसत्या ओरखड्यानं पण फुगते. म्हणून तिच्यासाठी बहुतेक डॉक्टर रक्तातलं नेमक्या पदार्थाचं आयजीई करायला सांगतील. त्याला गोळी आड येत नाही. आणि यानंही ठरलं नाही तर रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, थोडं थोडं खायला देऊन बघतात. तो शेवटचा शब्द. घरी हा प्रयोग करायचा नाही, ‘जरासंच देऊन बघूया’ तर अजिबात नाही.

खानापूर_जंगलकाठ
काजूवरून विचारतो. आमच्याकडं बायका कच्चे काजू फोडतात. टरफलाचं तेल लागून बोटांची सालं निघतात, काळी पडतात. राख-तेल लावून बसतात. बिब्ब्याचं पण असंच, अंगाला लागला की फोड. यांना काजू खायचा नाही का मग?

येळ्ळूरची_डॉक्टर
टरफलाचा चीक वेगळा, गर वेगळा. चिकानं कातडी भाजते आणि काहींना त्याची स्पर्शाची ॲलर्जीही होते, दोन्ही कातडीपुरतं. खाण्याची ॲलर्जी असते ती गरातल्या प्रथिनांची. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून चीक लागणाऱ्या काहींना आंब्याच्या देठाच्या चिकानंही ओठांभोवती पुरळ येतं. बायकांनी हातमोजे आणि खोबरेल, एवढं तरी करावं.

चिकोडी_पलीकडे
डॉक्टरकडं जाताना एक सांगतो. आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कानडी, आई मराठी, मध्ये मी दुभाषी, निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून कागदावर लिहून नेतो. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती मिनिटांनी उठलं, किती वेळात बसलं. आणि मोबाइलमध्ये फोटो. गांध्या डॉक्टरसमोर कधी उठत नाहीत, हा माझा अनुभव.

निपाणीकर
तंबाखूचं कुणी बोललं नाही. ओल्या पानांच्या तोडणीत मावशीला चक्कर, मळमळ व्हायची, सगळे ॲलर्जी ॲलर्जी म्हणायचे. ती ॲलर्जी नव्हेच. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, भिजलेले कपडे लगेच बदलले की बरंच थांबतं.

शहापूरचा_मासेखाऊ
मला बांगड्याची ॲलर्जी आहे असं बायको म्हणते. मागं एकदा बाजारातून बांगडा आणला, खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधड. पण तिला आणि मेव्हण्याला पण झालं. आता खायचा की नाही?

येळ्ळूरची_डॉक्टर
एका ताटातल्या सगळ्यांना झालं तर ॲलर्जीपेक्षा मासा जास्त संशयित. बांगडा, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. तळलं, शिजवलं तरी जात नाही. किनाऱ्यावरून घाट चढून येणाऱ्या माशाला बर्फ कमी पडला की हे होतं. पुढच्या वेळी ताजा बांगडा खाल्ला आणि काही झालं नाही तर मासा निर्दोष. पण त्या वेळी श्वासाला किंवा घशाला काही झालं असेल तर आधी तपासून घ्या.

मच्छेचा_कंत्राटी (वडगावकरांच्या भावासाठी)
मी वीस वर्षं प्लास्टर करतोय. माझी पॅच टेस्ट झालीय, म्हणून लिहितो. रक्त काढत नाहीत. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, पट्टीवर छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ. कडेनं मार्करनं खुणा. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम नाही, म्हणून मी उन्हाळा टाळून गेलो. ४८ तासांनी पट्ट्या काढून बघितलं आणि आणखी दोन दिवसांनी परत बघितलं. दुसऱ्या खेपेलाच खरं ते कळालं. एका खुणेखाली लाल, खरबरीत, बारीक फोड. पोटॅशियम डायक्रोमेट लिहिलेलं होतं, म्हणजे सिमेंटातला क्रोमियम. पावलांचं कोडं तिथंच सुटलं, बुटाचं चामडं पण क्रोमियमनं कमावलेलं असतं. आता अथणीची चप्पल घालतो. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं असेल तर क्रोमियम नाही, पण दुकानदाराला विचारून घ्या, हल्ली त्या नावाखाली काहीही विकतात.

येळ्ळूरची_डॉक्टर
बरोबर लिहिलंत काका. त्यात एवढंच घालते, सेट्रिझिननं पॅच टेस्ट बिघडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि पाठीवर लावलेलं स्टेरॉइड मलम मात्र बिघडवतं, डॉक्टरांना आधी सांगा. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. त्यांच्या त्वचारोग विभागात ‘पॅच टेस्ट कुठल्या वारी लावता’ हे आधी विचारा. दोन-तीन वेळा यावं लागतं, सोमवारी लावली तर बुधवार-शुक्रवार जुळतात.

याच चाचणीत खोट्या दागिन्यांतलं निकेल आणि केसांच्या काळ्या डायमधलं पीपीडी सापडतं. लग्नसराईत काळी मेंदी म्हणून जे काढतात त्यात हेच पीपीडी असू शकतं. काँग्रेस गवताचंही याच वाटेनं कळतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची घडी जाड, काळवंडलेली आणि पावसाळ्यात वाढणारी असेल तर पहिलं ते गवत आठवा. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत आलं, आता तुमच्या उसाच्या बांधावर आहे. उपटताना हातमोजे, आणि फुलायच्या आधी.

शहापूरचा_आडत्या
माझ्या जांघेत खाजतं. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवस बरं, परत दुप्पट. ही कशाची ॲलर्जी?

हिंडलगा_रोड_मेडिकल
ही बहुतेक ॲलर्जी नाही ओ, नायटा आहे, आणि ट्यूब तीन औषधांची खिचडी असणार, त्यात कडक स्टेरॉइड. खाज मरते, बुरशी पसरते. २०१८ पासून अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. आमच्याच धंद्यातले लोक काउंटरवरून देतात, ते चूक आहे आणि मी ते इथं लिहून ठेवतोय. ट्यूबचा फोटो काढा, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. घरात अजून कुणाला रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरजेचं पण विचारा.

कडोलीची_सून
माझी जाऊ विचारते, बाळ सात महिन्यांचं आहे. ॲलर्जी नको म्हणून शेंगदाणा दोन वर्षं देऊ नये ना?

येळ्ळूरची_डॉक्टर
उलटं आहे आता. २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांना धोका जास्त अशी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली होती. अर्ध्यांना शेंगदाणा लवकर सुरू केला, अर्ध्यांना पाच वर्षं दिला नाही. लवकर खाल्लेल्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. बाळ वरचं खायला लागलं असेल तर बारीक कूट पेजेत मिसळून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. बाळाला कडक इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी निघाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून.

वडगावकर
जाऊन आलो. कागद, फोटो सगळं नेलं. डॉक्टर बाईंनी लेकीला अंडं, वांगं, कूट लगेच सुरू करायला सांगितलं. गोळी रोज रात्री, महिनाभर. रक्तात काजू, पिस्ता, बदाम, शेंगदाणा एवढ्यांचंच आयजीई केलं. काजू आणि पिस्ता चांगलेच वर, बाकीचे निल. काजू-पिस्ता पूर्ण बंद. पॅकेजवाल्याला नाही म्हणून कळवलं, तो आता भावाला फोन करतोय. भावाला पॅच टेस्टसाठी पाऊस थांबल्यावर बोलावलंय, तोवर आतून कापडी आणि वरून रबरी असे हातमोजे.

दोन शंका. पिस्ता तिनं कधी खाल्लाच नाही, तरी बंद का? आणि पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे, तिथं काय करू?

येळ्ळूरची_डॉक्टर
काजू आणि पिस्त्याची प्रथिनं इतकी सारखी की काजू चालत नाही त्याला पिस्ता बहुधा चालतच नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बंद केले, ते योग्यच. कुल्फी, बासुंदी, श्रीखंड, तिन्हींवर लक्ष ठेवा.

लग्नात काजूकतली दिसते म्हणून टाळता येते. घात करते ती ग्रेव्ही. पनीर, कुर्मा, कोफ्ता, पांढऱ्या-लाल रश्श्यांत काजूची पेस्ट असते, वर दिसत नाही. वाढप्याला विचारू नका, त्याला माहीत नसतं. आदल्या दिवशी आचाऱ्याला फोन करा. गोडाच्या परातीतला चमचा आमटीत जातो, म्हणून तिचं ताट पहिल्या पंगतीत, आधी वाढून घ्या. पाकिटातल्या वस्तूंचं सोपं आहे, २०२० च्या लेबलच्या नियमांत शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडं, मासे, सोया, गहू वगैरे ठळक सांगावे लागतात. शाळेत बाईंना कागद द्या, मराठी आणि कानडी दोन्हीत, वाढदिवसाची चॉकलेटं न विचारता द्यायची नाहीत म्हणून.

आणि चुकून खाल्लंच आणि श्वास, आवाज, चक्कर, सलग उलट्या यातलं काही झालं तर सेट्रिझिन देऊन वाट बघत बसू नका. यावर औषध ॲड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. तयार पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, पण कुपी प्रत्येक रुग्णालयात असायला हवी. तिला आडवं झोपवा, पाय जरा वर. धाप लागली असेल तर बसवून ठेवा, पण उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास तिथंच थांबायचं, प्रतिक्रिया परत उलटू शकते. कार्यालय कुठल्या गावात आहे?

वडगावकर
कागल.

हिंडलगा_रोड_मेडिकल
मग हद्दीपलीकडं झालं, पण १०८ तिकडं पण लागतो. कोल्हापूर जवळ आहे. कार्यालयाजवळ चोवीस तास चालणारा दवाखाना कुठला आहे आणि तिथं ॲड्रेनलिन ठेवतात का, ते आधीच फोन करून विचारून ठेवा. आचाऱ्याचा नंबर मेव्हण्याकडून घ्या, आजच.